ठेवणे आणि राखणे : खाणीच्या गाळाची नियमभाषा

काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातल्या एका खाणपट्ट्याच्या पर्यावरणीय जनसुनावणीला मी बसलो होतो. सल्लागार संस्थेच्या तरुण अभियंत्याने पडद्यावर नकाशे दाखवले, आलेख दाखवले, सगळे इंग्रजीत. मग सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी उठले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : "ही माती दवरतले खंय? आनी राखतलो कोण?" माती ठेवणार कुठे, आणि राखणार कोण?

पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळाले. नकाशावर हिरव्या रेषेने आखलेला चौकोन दाखवण्यात आला. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आले ते असे, की नियमानुसार योग्य ती काळजी घेतली जाईल. पुढे इतिवृत्त वाचायला मिळाले तेव्हा त्यात ‘टाकाऊ मातीच्या व्यवस्थापनाविषयी विचारणा’ असे एकच वाक्य होते. दोन प्रश्नांचा एक झाला होता, आणि त्यात ‘राखणे’ हे क्रियापद हरवले होते.

मी अभियंता नाही. मृदायांत्रिकी जेवढी कळते तेवढी अपघातांचे चौकशी अहवाल वाचून, शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो. पण त्या दिवसापासून खाणकामाचे नियम, आराखडे आणि अहवाल मी एखाद्या वाङ्मयप्रकारासारखे वाचू लागलो : यात कर्ता कोण, काळ कोणता, कोणत्या शब्दाला माप आहे आणि कोणत्या शब्दाला नाही. प्रस्तुत लेख त्या वाचनाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या नियमांची भाषा गाळ ‘ठेवण्या’ची आहे, ‘राखण्या’ची नाही. आणि जगातले मोठे अपघात या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत घडले आहेत.

१. डंप आणि तळे

आधी वस्तू पाहू. गोव्यात लोहखनिज काढायचे तर वरची जांभ्याची माती, चिकणमाती, कमी प्रतीचा दगड आधी हटवावा लागतो. एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन माती निघते असा सर्वसाधारण हिशेब आहे. ती ट्रकने नेऊन रचली की डंप होतो. खनिज मग पाण्याने धुतात. जाड दाणा विक्रीला जातो आणि धुणावळीच्या पाण्याबरोबर पिठासारखा बारीक तांबडा गाळ उरतो. या गाळाला टेलिंग म्हणतात, आणि तो बांधामागे साठवतात त्या जागेला टेलिंग पाँड. मी पुढे त्याला नुसते ‘खाणगाळ’ आणि ‘गाळतळे’ म्हणेन.

डंप डोळ्यांना दिसतो, म्हणून आपल्याकडचा बहुतेक राग डंपवर निघतो. गाळतळे दिसत नाही. वर साय धरल्यासारखा कोरडा थर आला की ते मैदानासारखे वाटते. आत मात्र पाणी असते. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत उभे राहून पाय जागच्या जागी हलवला तर घट्ट वाटणारी वाळू एकदम पातळ होते, हे कोकणातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. कणांमध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत, आणि जमिनीचा द्रव होतो. सैल, पाण्याने भरलेल्या खाणगाळाच्या बाबतीत हेच लक्षावधी टनांच्या प्रमाणात होऊ शकते.

शिवाय पाण्याचे धरण एकदा पूर्ण उंचीचे बांधतात. गाळाचा बांध खाणीबरोबर वर्षानुवर्षे वाढत जातो. वाढवण्याच्या मुख्य पद्धती तीन : नवा थर बांधाच्या बाहेरच्या अंगाने घालायचा, मधोमध चढवायचा, किंवा आतल्या बाजूला, आधी साठलेल्या गाळावरच पाया धरून उभा करायचा. तिसरी पद्धत स्वस्त, कारण भराव सर्वांत कमी लागतो. तीच सर्वांत धोक्याची, कारण जो गाळ अडवायचा त्याच्याच डोक्यावर अडवणारी भिंत उभी असते. चिलीत १९६५ च्या भूकंपात एल कोब्रे येथील गाळाचे बांध कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यानंतर त्या देशाने ही पद्धत बंद केली. ब्राझीलला त्याच निर्णयाला यायला २०१९ उजाडावे लागले.

यात पैशाची एक साधी गोष्ट आहे. पाण्याच्या धरणामागे विकण्याजोगे पाणी असते. धरण टिकवण्यात मालकाचाच फायदा असतो. गाळाच्या बांधामागे विकायला काही उरलेले नसते. तो बांध म्हणजे निव्वळ खर्च, आणि खाण संपली की तो खर्च उचलणारे उत्पन्नही संपते.

‘टाकाऊ’ हा शब्दही बाजारभावावर चालतो, हे गोव्याने पाहिले आहे. लोहखनिज कशाला म्हणायचे याची मर्यादा पूर्वी ५५ टक्के लोहाची होती. नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोने २००९ मध्ये हेमॅटाइटसाठी ती ४५ टक्क्यांवर आणली. कमी प्रतीच्या मालाला चीनमध्ये गिऱ्हाईक होते. कालचा कचरा आज माल झाला आणि झाडे लावून ‘स्थिर’ केलेले डंप पुन्हा उकरण्यात लोकांना रस वाटू लागला. ज्या वस्तूला टाकाऊ म्हटले तिची कायमची व्यवस्था कोणी मनापासून करत नाही, आणि ज्या वस्तूला उद्या भाव येईल असे वाटते तिचीही करत नाही.

२. क्रियाविशेषणांचा नियम

आपल्याकडे मुख्य नियम म्हणजे २०१७ चे खनिज संवर्धन व विकास नियम. त्याआधी १९८८ चे होते. खाण बंद करण्याचा आराखडा देणे बंधनकारक झाले ते २००३ मध्ये. पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही कोकणी कादंबरी, खाणीने विस्कटलेल्या गावाची, १९७७ ची आहे. म्हणजे खाण गावाचे काय करते हे साहित्यात नोंदले गेल्यानंतर नियमाला ‘बंद’ हा शब्द सुचायला सव्वीस वर्षे लागली.

या नियमांतला माती आणि गाळ साठवण्याविषयीचा भाग इंग्रजीतून सावकाश वाचावा. डंप ‘नीट’ सुरक्षित करावेत, म्हणजे त्यातून ‘हानिकारक प्रमाणात’ माती बाहेर जाणार नाही. ‘जेथे शक्य असेल तेथे’ माती परत खड्ड्यात भरावी आणि जमीन ‘शक्य तेथवर’ मूळ उपयोगाला आणावी. ते जमणार नसेल तर डंपला ‘योग्य प्रकारे’ पायऱ्या काढून वनस्पती लावून ‘वा अन्यथा’ स्थिर करावे. खाणगाळासाठी ‘खास तयार केलेली’ जागा असावी; तो वाहून जाऊन जमीन, शेत, भूपृष्ठावरचे वा भूगर्भातले पाणी बिघडू नये, पूर येऊ नये.

शेवटचे वाक्य चांगले आहे, हे आधी मान्य करतो. त्यात शेत आहे, पाणी आहे, पूर आहे. गाळाने काय बिघडते याची यादी खरी आहे. पण सगळा भार क्रियाविशेषणांवर आहे. नीट म्हणजे किती? शक्य हे कोणाच्या लेखी? भरावाचा उतार किती, बांधाचा सुरक्षागुणक किती, किती वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी सांडवा आखायचा, याचा आकडा या वाक्यांत नाही. आकडे येतात ते खाणीगणिक दिल्या जाणाऱ्या पर्यावरण मंजुरीच्या पत्रांत. डंपचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, पायथ्याशी भिंत असावी, भोवती पाट काढावेत, अशा अटी तिथे दिसतात. म्हणजे नियम ढोबळ आणि अट तपशीलवार. तपशील ज्या आराखड्यात असतो तो गावाच्या हाती पडत नाही. जनसुनावणीसाठी स्थानिक भाषेत सारांश द्यावा लागतो. बांधाचा छेद, मातीच्या चाचण्या आणि पाझराची गणिते सारांशात मावत नाहीत.

दुसरी गोष्ट कर्त्याची. ही वाक्ये कर्मणी आहेत. डंप सुरक्षित ‘केले जावेत’, गाळ ‘साठवला जावा’. कोणी? अर्थात पट्टेदाराने. पण पट्टेदार ही कायद्याची व्यक्ती आहे. पट्टा संपला की ती व्यक्तीही त्या जागेपुरती संपते. बांध मात्र तिथेच असतो.

तिसरी गोष्ट व्याख्येची. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने देशातल्या मोठ्या धरणांसाठी तपासणीची आणि जबाबदारीची चौकट आणली. त्यात धरण म्हणजे नदीवर वा उपनदीवर पाणी अडवण्यासाठी किंवा वळवण्यासाठी बांधलेला अडथळा. आता डोंगराच्या कुशीत, नदीपासून दूर, चिखल अडवणारा पंचवीस मीटरचा बांध घ्या. तो या वाक्यात सरळ बसत नाही. पाणी अडवले तर धरण आणि पाण्यात कालवलेली माती अडवली तर खाणीचा एक भाग, असा हा भेद आहे. बांधाखालच्या वाडीला तो कळण्यासारखा नाही.

३. हेक्टरचे गणित

काम अर्धवट टाकून मालक निघून गेला तर? त्यासाठी नियमांत आर्थिक हमी आहे. २०१७ मध्ये ती यांत्रिक खाणींच्या ‘अ’ वर्गासाठी हेक्टरी तीन लाख आणि ‘ब’ वर्गासाठी दोन लाख होती. २०२१ च्या दुरुस्तीने अनुक्रमे पाच आणि तीन लाख झाली. खाणकामासाठी प्रत्यक्ष वापरलेले क्षेत्र मोजायचे आणि गुणायचे.

गुणून पाहू. दहा हेक्टरचे गाळतळे, ‘अ’ वर्गातले : हमी पन्नास लाख. गाळ पाच मीटर खोल असेल तर तो पाच लाख घनमीटर होतो. चाळीस मीटर असेल तर चाळीस लाख घनमीटर. हमी दोन्हीकडे पन्नास लाखच. खाली कोणाचे घर आहे की नुसता माळ आहे, याचाही हमीवर परिणाम नाही. जमीनमोजणीची रीत इथे तशीच उचलली आहे. हेक्टर हे शेतीचे माप आहे. धोक्याला उंची असते, ओल असते आणि खाली कोण राहते हे असते.

हमी अपुरी पडली की पैसे कोण भरतो, याचे सर्वांत क्रूर उदाहरण वेल्समधल्या ॲबरफॅनचे आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी झऱ्यावर रचलेला कोळसाखाणीचा ढीग पावसाने भिजून सरकला आणि गावातल्या शाळेवर आला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले. चौकशी न्यायाधिकरणाने दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. पण गावावर उरलेले बाकीचे ढीग हटवण्यासाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेण्यात आले. म्हणजे मुले गमावलेल्या गावाने, जगाने डोळे पुसायला दिलेल्या पैशातून, कचऱ्याच्या मालकाचे काम केले. ती रक्कम परत मिळाली १९९७ मध्ये, व्याजाशिवाय. अशा ढिगांच्या सुरक्षिततेचा कायदा ब्रिटनमध्ये १९६९ ला झाला. कायदा नेहमी प्रेतयात्रेच्या मागून चालत येतो, पण निदान त्याने तिच्याकडून शिकावे एवढी अपेक्षा आहे.

४. तीन अहवाल

गेल्या दहा-अकरा वर्षांतल्या तीन अपघातांचे तज्ज्ञ अहवाल मी पुनःपुन्हा वाचले आहेत. गद्य म्हणूनही ते चांगले आहेत. जे झाले ते कोणत्या क्रमाने झाले, एवढेच सांगण्याचा हट्ट त्यांत आहे.

पहिला कॅनडातील माउंट पॉलीचा. ४ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे बांध फुटला आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी व गाळ तळ्यांत आणि ओढ्यात गेला. जीवितहानी झाली नाही. बांधाखाली हिमयुगीन सरोवरातल्या चिकणमातीचा एक अशक्त थर होता. तो भूतपासणीत नीट ओळखला गेला नव्हता. त्यावर उतार आखल्यापेक्षा तीव्र ठेवलेला. तज्ज्ञ मंडळाने सांगितले, की अधिक तपासण्या केल्या असत्या तरी हा अपघात टळला नसता, कारण दोष डोळ्यांना दिसणारा नव्हता. पुढे त्यांनी हिशेब मांडला : त्या प्रांतातले बांध आहेत तसेच चालू राहिले तर दर दहा वर्षांत सरासरी दोन फुटतील. उपाय म्हणून त्यांनी केवळ देखरेख वाढवा असे म्हटले नाही. गाळावरचे पाणी काढून टाका, जमेल तिथे गाळ गाळून घट्ट रचा, असे म्हटले. धोक्याच्या मुळाशी पाणी आहे, हे इतक्या सरळपणे लिहिलेले मी प्रथम तिथे वाचले.

दुसरा ब्राझीलमधल्या फुंडाओचा, ५ नोव्हेंबर २०१५ चा. १९ माणसे गेली, बेंतो रोद्रिगेस गाव गाळाखाली गेले, आणि तांबडा चिखल दोसे नदीतून अटलांटिकपर्यंत पोचला. गोव्यातल्या वाचकाला हा अपघात ओळखीचा वाटेल. तिथेही लोहखनिज, तिथेही तोच रंग. मूळ आराखड्यानुसार बारीक चिखल बांधाच्या माथ्यापासून दोनशे मीटर दूर ठेवायचा होता. प्रत्यक्षात तो साठ मीटरपर्यंत आला. नंतर एका अडचणीमुळे बांधाची रेषा आत वळवली, तेव्हा ती त्या चिखलावर चढली. प्रत्येक बदल त्या त्या वेळी व्यवहार्य होता. कोणी एका दिवशी वाईट निर्णय घेतला नाही. आराखडा आणि जमीन यांतले अंतर दरवर्षी थोडे वाढत गेले.

तिसरा ब्रुमादिन्होचा. २५ जानेवारी २०१९, दुपारी जेवणाची वेळ. ८६ मीटर उंचीचा बांध काही सेकंदांत विरघळला. खाली कंपनीचेच उपाहारगृह आणि कार्यालय होते. २७० जीव गेले. या बांधात २०१६ पासून नवा गाळ टाकला जात नव्हता. म्हणजे आपल्या भाषेत तो ‘बंद’ होता. काही महिन्यांपूर्वीच त्याला स्थिरतेचे प्रमाणपत्र मिळाले होते. एका कसोटीत त्याचा सुरक्षागुणक १.०९ निघाला होता, सर्वसाधारणपणे १.३ अपेक्षित असतो. कोसळण्यापूर्वी कोणतीही ठळक खूण दिसली नाही, असे तज्ज्ञ मंडळाने नोंदवले.

या तिन्हींत मला तीन वेगळे धडे दिसतात. तपासणी पुरेशी नसते. आराखडा आणि काम यांत फरक पडतो. आणि बंद झालेला बांध बंद झालेला नसतो. आपल्या नियमांचा सगळा विश्वास मात्र तपासणी, आराखडा आणि बंद करणे या तीन शब्दांवर आहे.

५. जागतिक मानक : कर्ता सापडला, पण

ब्रुमादिन्होनंतर ऑगस्ट २०२० मध्ये खाणगाळ व्यवस्थापनाचे जागतिक मानक प्रसिद्ध झाले. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, मोठ्या खाण कंपन्यांची परिषद आणि गुंतवणूकदारांची एक संघटना अशा तिघांनी मिळून ते घडवले. पंधरा तत्त्वे, सत्त्याहत्तर अपेक्षा. ध्येय : माणसाला आणि पर्यावरणाला शून्य इजा.

टीकाकार म्हणून मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यात कर्ता आहे. प्रत्येक गाळतळ्यासाठी कंपनीच्या वरच्या पातळीवरचा एक उत्तरदायी अधिकारी, एक नोंदीचा अभियंता, आणि मोठ्या धोक्याच्या बांधांसाठी बाहेरच्या तज्ज्ञांचे स्वतंत्र मंडळ. कर्मणी प्रयोगातून वाक्य कर्तरीत आले. शेतकऱ्याच्या ‘राखतलो कोण’ला निदान एक पदनाम मिळाले. बांधाचे वर्गीकरणही उंचीवर थांबत नाही. फुटला तर खाली किती माणसे आहेत, काय बुडेल, यावर ते ठरते. अत्यंत गंभीर वर्गासाठी दहा हजार वर्षांतून एकदा येईल असा पूर वा भूकंप सोसण्याची कसोटी आहे. बंद झाल्यानंतरचा काळही त्यात धरला आहे.

उणिवाही आहेत. हे मानक स्वेच्छेचे आहे. परिषदेच्या सदस्य कंपन्यांनी ते पाळण्याचे वचन दिले, बाकीच्यांवर गुंतवणूकदारांचा दबाव एवढेच. लहान कंपन्या, कुटुंबाच्या मालकीच्या खाणी या वर्तुळाबाहेर राहतात, आणि गोव्याचा खाण इतिहास बराचसा अशाच घराण्यांचा आहे. दुसरे, धोक्याचा वर्ग आधी कंपनीच मांडते. तिसरे, सत्त्याहत्तर अपेक्षांचा बराच भाग कागद तयार करण्याचा आहे. ब्रुमादिन्होला कागद कमी पडले नव्हते.

६. हिरवळ कशाला म्हणायचे

खाण संपल्यावरच्या पुनर्वसनाची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. डंपवर अकेशियाचे रान, खड्ड्यात निळे पाणी. साखळीजवळच्या एका जुन्या खाणीवर बांबू, फुलपाखरांची बाग, मासे असे काम झाले आहे, आणि ते खोटे नाही. उघड्या मातीपेक्षा झाडी केव्हाही बरी. तिने धूप थांबते. पण अकेशिया लवकर वाढते म्हणून लावतात, आणि लवकर वाढणे हा छायाचित्राचा निकष आहे. डंपच्या पोटातले पाणी, गाळतळ्याच्या बांधातला पाझर, यांचे छायाचित्र निघत नाही. पुनर्वसनाच्या अहवालात रोपांची संख्या ठळक असते. पाझराची नोंद कुठल्यातरी परिशिष्टात.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० च्या एका आदेशात वेगळा शब्द वापरला : गवत. खाण संपल्यावर पट्टेदाराने जमिनीवर पुन्हा गवत आणावे, ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांना योग्य व्हावी. मला हा शब्द वृक्षारोपणापेक्षा प्रामाणिक वाटतो. झाड खड्डा करून, बाहेरची माती घालून कुठेही जगवता येते. गवत टिकायचे तर वरची माती परत आलेली असावी लागते, उतार मंद असावा लागतो, पाणी वाहून जाण्याची वाट ठरलेली असावी लागते. गुरे चरू शकतात की नाही, हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही.

गोव्याची एक खास अडचण इथे सांगायला हवी. पोर्तुगीज काळातल्या सवलती शंभर हेक्टरांच्या मर्यादेतल्या. १९८७ च्या कायद्याने त्यांचे पट्टे झाले, पण मापे तीच राहिली. एवढ्या जागेत खड्डाही करायचा आणि तिप्पट मातीही ठेवायची, हे जमत नाही. म्हणून डंप पट्ट्याबाहेर गेले, डोंगरउतारांवर, शेतांच्या आणि ओहोळांच्या डोक्यावर. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पट्ट्याबाहेर माती टाकता येणार नाही असे स्पष्ट केले. मग ती जायची कुठे? उत्तर एकच : खड्ड्यात परत. शेजारचे पट्टे एकत्र धरून, एका संपलेल्या खड्ड्यात दुसऱ्याचा गाळ भरायचा. खड्ड्यात भरलेला गाळ कोसळून खाली येत नाही. भूजलाकडे मात्र लक्ष ठेवावे लागते, आणि खाली खनिज शिल्लक असेल तर मालक तयार होत नाही. पुन्हा बाजारभावच आडवा येतो.

आपल्या बाजूच्या भाषेवरही थोडी टीका केली पाहिजे. आंदोलनांच्या पत्रकांत या गाळाला सरसकट ‘विष’ म्हटले जाते. सोने वा तांबे काढताना निघणाऱ्या गाळात सायनाइड, आम्ल, जड धातू यांचा प्रश्न असतो. गोव्याचा लोहगाळ मुख्यतः बारीक माती आहे. तो शेत मारतो तो थर साचून, मुळे गुदमरवून, ओहोळाचे पात्र उथळ करून. विष म्हटले की प्रयोगशाळेचा अहवाल मागवला जातो, तो ‘मर्यादेत’ येतो आणि तक्रार निकाली निघते. गाळाला गाळच म्हटले, तर प्रश्न बांधाचा, उताराचा आणि पावसाचा राहतो, आणि तिथे सुटका नाही.

७. पाऊस आणि काळ

दक्षिण आफ्रिकेत मेरीस्प्रुइट येथे २२ फेब्रुवारी १९९४ ला गाळाचा बांध भरून वाहिला आणि १७ माणसे गेली. निमित्त होते अर्ध्या तासात पडलेला सुमारे ५० मिलिमीटर पाऊस. सह्याद्रीच्या पायथ्याशी जुलैत एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला तर वर्तमानपत्रात त्याची ओळही येत नाही. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यात कळणे येथील खाणीच्या खड्ड्यात साठलेले पाणी बांध फोडून खाली आले आणि घरांत, शेतात, बागायतीत चिखल शिरला. बातम्यांत त्याला अतिवृष्टी म्हटले गेले. पाऊस निसर्गाचा होता. पाणी डोंगरावर साठवण्याची जागा माणसाने केलेली होती.

आणि काळ. कर्नाटकातल्या कुद्रेमुख येथील लोहखनिजाची खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस बंद झाली. तिचा गाळ अडवणारे लक्या धरण, सुमारे शंभर मीटर उंचीचे, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत आजही उभे आहे. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस त्यावर पडतो. खनिज जाऊन वीस वर्षे होत आली. कामगार वसाहत ओस पडली. खाण सुमारे अडीच दशके चालली, धरण राखायचे आहे ते किती दशके, या प्रश्नाला शेवट नाही. सुदैवाने तिथे कंपनी सरकारी आहे आणि अस्तित्वात आहे. खाजगी पट्टेदाराचे गाळतळे असते तर?

म्हणून नियमांत मी मागेन त्या गोष्टी थोड्या आहेत. गाळाच्या बांधाला धरण म्हणावे. हमी हेक्टरवर न ठरवता घनमीटरवर आणि खालच्या वस्तीवर ठरवावी, आणि ती खाण चालू असताना, पैसा येत असतानाच भरून घ्यावी. साठलेल्या गाळावर पाया धरून बांध चढवणे बंद करावे. सांडवा किती पावसासाठी आहे हे बांधावरच्या फलकावर मराठीत आणि कोकणीत लिहावे, शेजारी राखणाऱ्याचे पदनाम आणि दूरध्वनी. आणि बंद करण्याच्या आराखड्यात ‘बंद’ झाल्यानंतरच्या शंभर वर्षांसाठी एक प्रकरण असावे.

यातली कोणतीही गोष्ट अशक्य नाही. गोव्यातल्या खाजन शेतीत बांध घालणारा आणि बांध राखणारा यांची व्यवस्था गावकारी शतकानुशतके चालवत आली. मानशीची दारे भरती-ओहोटीला उघडणारा-मिटणारा माणूस ठरलेला असे, त्याचा मोबदला ठरलेला असे, आणि बांध फुटला तर कोणी धावायचे हेही ठरलेले असे. त्या शेतकऱ्याने जनसुनावणीत प्रश्न विचारला तो या अनुभवातून. त्याच्या भाषेत बांध म्हटला की राखणारा आपोआप येतो. आपल्या नियमांच्या भाषेत तो अजून यायचा आहे.